लाइट गेली, पण कुठली?

ही मार्गदर्शिका त्या मराठी माणसासाठी आहे, जो अमेरिकेत राहतो, ज्याचे आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले आहेत, आणि जो एका बेसावध संध्याकाळी सगळ्यांसमोर बोलून गेला आहे, "हॉटेलं कशाला? यलोस्टोनला आरव्ही भाड्याने घेऊनच जाऊ या की!" हे वाक्य मागे घेता येत नाही. तुम्ही विचार बदलेपर्यंत आईने मेतकूट, कुकर आणि दह्याचं विरजण यांची यादी केलेली असते.

आरव्ही म्हणजे ट्रकच्या पाठीवर बसवलेला वन बीएचके. ओटा, शेगडी, फ्रिज, गिझर, एसी, संडास, सगळं आत. हे घर ताशी साठ मैलांनी खडखडत जातं, म्हणजे त्याला रोज सात-आठ तास भूकंप होत असतो. पुण्यातल्या कुठल्याही बिल्डरच्या फ्लॅटला रोज एवढा भूकंप देऊन पाहा, मग आरव्हीत रोज एक वस्तू का बंद पडते हे विचारणार नाही.

गाडी ताब्यात देताना मालक वीस मिनिटांत सगळं दाखवतो. आपण मान डोलावतो. त्या वीस मिनिटांचं मोबाइलवर शूटिंग करा. मी केलं नाही. मी त्या वेळी आईला सांगत होतो, की हो, इथे कुकर लागेल.

साहित्य

एक मल्टिमीटर, वीस डॉलरचा पुरतो. डोक्याला बांधायचा टॉर्च. मोटारीत असतात तसले चपट्या पात्यांचे फ्यूज: लाल १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. आणि एक निवृत्त वडील. वडील उपलब्ध नसल्यास सासरे चालतात.

आमचे बाबा वीज मंडळातून निवृत्त झाले. टेस्टर त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी असतो. विमानात तो चेक-इन बॅगेत टाकावा लागला, याचं त्यांना अजून वाईट वाटतं. टेस्टर फेजला लावायचा, मागच्या टोकाला बोट टेकवायचं, आतला निऑनचा दिवा लागला की वीज आहे. आपल्या २३० व्होल्टला तो लख्ख लागतो. अमेरिकेतल्या १२० व्होल्टला मंद लागतो, तेव्हा बाबा "वीज पण डाएटवर आहे इथली" म्हणतात. १२ व्होल्टला तो अजिबात लागत नाही. हे शेवटचं वाक्य जपून ठेवा. आम्हाला ते न जपल्याबद्दल एकशेतीस डॉलर पडले.

पायरी पहिली: लाइट कुठली गेली ते ठरवा

आपल्याकडे लाइट जाते तेव्हा सगळीच जाते. आपण गॅलरीत येऊन समोरच्यांची गेली का बघतो, गेली असेल तर बरं वाटतं आणि काम संपतं. आरव्हीत दोन विजा नांदतात आणि त्या वेगवेगळ्या जातात. १२० व्होल्टची वीज बाहेरून येते, कॅम्पच्या खांबातून किंवा जनरेटरमधून. तिच्यावर एसी, मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले प्लग. १२ व्होल्टची बॅटरीतून येते. तिच्यावर दिवे, पाण्याचा पंप, छतातला पंखा, खोली तापवणाऱ्या फर्नेसचा ब्लोअर आणि फ्रिजचा मेंदू. दोघींमध्ये कन्व्हर्टर नावाची पेटी असते. बाहेरची वीज आली की ती १२ व्होल्टची करून घरात वाटायची आणि उरलेल्यात बॅटरी भरायची, हे तिचं काम. उलटं काम करणारा तो इन्व्हर्टर. आपल्या घरोघरी इन्व्हर्टर असल्यामुळे इथेही असेलच असं आपण धरून चालतो. भाड्याच्या गाडीत बहुधा नसतो. म्हणून बॅटरी भरलेली असताना मायक्रोवेव्ह का चालत नाही, असा प्रश्न मालकाला फोन करून विचारू नका. मी विचारला.

तेव्हा "लाइट गेली" अशी हाक ऐकू आली की उठू नका. बसल्या जागेवरून विचारा, "कुठली?" दिवे लागतायत पण मायक्रोवेव्ह मेलाय, तर १२०चा घोळ. मायक्रोवेव्ह चालू पण दिवे नाहीत, तर १२चा, फ्यूज बघा. दोन्ही नसेल तर मात्र उठा.

पायरी दुसरी: खांब

कॅम्पच्या जागेवर एक बुटका खांब असतो, त्याला इथे पेडेस्टल म्हणतात. तीन पिनांचा ३० अँपिअरचा प्लग आणि चार पिनांचा ५० अँपिअरचा. लोकांना वाटतं, फरक वीसचा आहे. पन्नासवाल्यात १२० व्होल्टच्या दोन तारा येतात आणि दोन्हींवर पन्नास-पन्नास, म्हणजे १२,००० वॅट; तीसवाल्यात ३,६००. बाबांनी चार पिना पाहिल्या आणि कोणी न सांगता हे सांगितलं. प्रवासातला त्यांचा तो सर्वोच्च क्षण होता, पुढे उतरण आहे.

प्लग घालण्याआधी खांबावरचा ब्रेकर पाडायचा, प्लग घालायचा, मग ब्रेकर चढवायचा. मित्राच्या अंगणात गाडी लावणार असाल तर आधी मीटर लावा. ३० अँपिअरची तीन पिनांची जागा पाहून घरांचे इलेक्ट्रिशियन तिला कपडे वाळवायच्या मशीनची समजतात आणि २४० व्होल्ट जोडून देतात. मग एका सेकंदात मायक्रोवेव्ह, कन्व्हर्टर, टीव्ही, सगळे एकदम जातात.

आता हिशेब. ३० अँपिअर हा एकत्र कुटुंबातला एकाच कमावत्याचा पगार आहे. छतावरचा एसी साधारण १३ घेतो. गिझर विजेवर ठेवला तर १२. राहिले पाच. त्यात आई चहाची केटल लावते, ती १५०० वॅटची, साडेबारा. खट्. ब्रेकर पडला की आपण पॅनेल उघडून बघतो तर सगळे ब्रेकर चालूच दिसतात, कारण पडलेला ब्रेकर मधल्यामध्ये अडकून उभा असतो, लग्नात नाराज होऊन मांडवाच्या दारात थांबलेल्या आत्यासारखा. त्याला आधी पूर्ण मागे ढकलायचं, मग पुढे. अर्ध्यावरून पुढे ढकलून तो बसत नाही. आत्याही बसत नाही.

वाटेत कॅस्परजवळच्या कॅम्पवर दुपारी चार वाजता आमचा एसी आपोआप बंद झाला. ऊन मरणाचं, प्रत्येक गाडीवर एसी घुमत होता आणि सगळा कॅम्प जुन्या तारांवर. मालकाने बसवलेल्या संरक्षक पेटीवर व्होल्टेजचा आकडा १०३ दिसत होता. १०४च्या आसपास उतरलं की ही पेटी वीज तोडते. कमी व्होल्टेजवर एसीचा कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि जळतो. बाबा तो आकडा बराच वेळ बघत राहिले. "म्हणजे इथेही व्होल्टेज पडतं!" त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा अमेरिकेबद्दल आपुलकीने उद्गार काढले.

ओट्याजवळचा प्लग मेला असेल तर बाथरूममध्ये जा. तिथल्या प्लगवर दोन छोटी बटणं असतात, त्यातलं रीसेटचं दाबा. गळती विजेपासून वाचवणारा हा प्लग एकटाच असतो आणि ओट्याजवळचे, गाडीबाहेरचे प्लग त्याच्या पुढे ओवलेले असतात. बाहेर पाऊस लागला तरी आतला मिक्सर थांबतो. बाथरूमातलं बटण दाबल्याने चटणी वाटली जाते, हे आईला पटलेलं नाही.

पायरी तिसरी: फ्रिज, अर्थात जाळ करून थंड करणे

फ्रिज बंद पडला म्हणण्याआधी तो चालतो कसा ते ऐका. या जुन्या गाड्यांतल्या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. पाठीमागे खाली एक ज्योत जळते किंवा विजेची कांडी तापते, आणि त्या उष्णतेवर अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन नळ्यांमधून फिरत राहून वरचा कप्पा गार करतात. १९२२ साली स्टॉकहोममधल्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही युक्ती काढली. आत हलणारा एकही भाग नाही. पुढे खुद्द आइनस्टाइन आणि लिओ झिलार्ड यांनी असाच हलत्या भागांवाचूनचा फ्रिज काढला आणि १९३०मध्ये त्याचं अमेरिकन पेटंट मिळवलं. तेव्हा दुपारभर फ्रिजमागे डोकं घालून तुम्हाला काही कळलं नाही, तर लाजू नका. आईला समजावलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "खाली जाळ आणि वर बर्फ? मग धूर कुठे जातो?" प्रश्न अचूक आहे. बाहेरच्या भिंतीवरच्या जाळीतून जातो, आणि ती जाळी पक्ष्यांच्या घरट्याने बुजली असेल तर फ्रिज गार होत नाही.

दुसरं, तो सपाट जागेवरच चालतो. आतलं पाणी उतारानेच खाली येत असतं, गाडी फार तिरकी उभी केली तर ते भलत्याच जागी साचतं, बॉयलर नुसता तापत राहतो आणि असं वारंवार झालं की फ्रिज कायमचा जातो. सपाटी बघायला मोबाइलमध्ये अ‍ॅप आहे. आईने ओट्यावर वाटीभर पाणी ठेवून पाहिलं, ते अ‍ॅपपेक्षा बरोबर निघालं. तिसरं, तो गार व्हायला आठ-दहा तास घेतो. निघायच्या आदल्या रात्री लावा, सकाळी लावून दुपारी "गार होत नाही" म्हणून दार दर पंधरा मिनिटांनी उघडू नका. चौथं, साडेपाच हजार फुटांच्या वर हवा विरळ, ज्योत कुरकुरते; तिथे विजेवर चालवा, मिळत असेल तर. मागे पिवळी पूड दिसली आणि अमोनियाचा वास आला, तर गाडीची दारं-खिडक्या उघडा आणि फ्रिज विसरा, तो गेला.

आणि ज्या वाक्यासाठी हे सगळं लिहिलं ते हे: फ्रिज गॅसवर असला तरी त्याच्या सर्किट बोर्डाला १२ व्होल्ट लागतात. आग गॅसची, पण परवानगी बॅटरीची.

पायरी चौथी: आमचा बिघाड

यलोस्टोनमध्ये खांब असलेला कॅम्प एकच, फिशिंग ब्रिजचा. तिथे अस्वलांमुळे तंबूंना मनाई, फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्या, आणि आरक्षण कित्येक महिने आधी. आम्हाला मॅडिसनला जागा मिळाली. झाडं, नदी, रानगवे, वीज नाही. म्हणजे बॅटरी आणि गॅस.

पहिल्या दिवशी ओल्ड फेथफुलच्या तळावर गाडी लावली आणि तीन-चार तास गरम पाण्याचे झरे पाहत फिरलो. संध्याकाळी कॅम्पवर आलो तो दिवा लागेना, पंप बोलेना, फ्रिजचं तोंड काळं, विरजण कोमट. जनरेटर लावला, सगळं चालू. जनरेटर बंद, सगळं मेलं. बाबांनी दाराची पायरी उचलली (बॅटरी पायरीखाली असते), टेस्टर लावला. अंधार. दुसऱ्या टोकाला लावला. अंधार. "बॅटरी मेली," बाबा म्हणाले. चाळीस वर्षांच्या नोकरीचं वजन त्या दोन शब्दांत होतं. माझी बायको म्हणाली, "बाबा, पण हा टेस्टर डीसीला..." मी तिला डोळ्याने गप्प केलं. सुनेचं ऐकायची संधी आम्ही अशी घालवली.

रात्री जनरेटर चालवायला बंदी. बाहेर पारा शून्याकडे चाललेला, फर्नेस मुकी. आम्ही पाचजण सगळे स्वेटर घालून झोपलो, मुलगी मधे.

सकाळी चौदा मैलांवर वेस्ट यलोस्टोनला जाऊन नवी बॅटरी आणली. जुनी दुकानदाराला देऊन डिपॉझिट सोडवलं. मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं, बॅटरी बदलण्याआधी दाराजवळचं डिस्कनेक्ट बटण बंद करा, बदलून झाल्यावर चालू करा. मी दोन्ही केलं. दिवे लखलखले. बाबांनी हात पुसले आणि कोणाकडेही न बघता चहा मागितला. दुपारी आम्ही पुन्हा बाहेर पडलो, धबधबे बघायला. संध्याकाळी परत आलो. अंधार.

उपपायऱ्या, बिघाड सापडेपर्यंत करण्यासाठी

फर्नेसचा पंखा फिरतो पण गार हवाच येते, तर बॅटरी उतरली आहे. आत एक पत्र्याची पाकळी असते, वाऱ्याचा जोर पुरेसा असेल तरच ती उचलली जाते आणि मग गॅस पेटतो. पंखा दमला की पाकळी उठत नाही. ब्लोअर सात-आठ अँपिअर खातो. रात्रभर थांबत थांबत चालला तरी छोट्या बॅटरीची अर्धी शिदोरी संपते. मीटरवर १२.७ म्हणजे भरलेली, १२.१ म्हणजे निम्मी, आणि निम्म्याखाली रोज उतरवली तर बॅटरी लवकर म्हातारी होते. वाऱ्याचा जोर चांगला असून पेटत नसेल तर बाहेरच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं आहे का पाहा. हे गमतीने लिहिलेलं नाही, इथे ते नेहमी होतं.

गिझर: टाकी भरलेली नसताना विजेचं बटण दाबायचं नाही, कांडी मिनिटभरात जळते. पंप मध्यरात्री आपोआप एकदा घुरघुरला, तर कुठेतरी थेंब गळतोय.

दोन गोष्टी मस्करीच्या बाहेरच्या. गॅसचा वास आला तर एकही बटण दाबू नका, चालूही नाही, बंदही नाही. सगळ्यांना बाहेर काढा, बाहेरून टाकीची तोटी बंद करा. आणि ओल्या गवतावर अनवाणी उभं राहून दाराची मूठ धरताना झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग गेलं आहे. "थोडा करंट मारतो" म्हणून आपल्याकडे जुन्या फ्रिजबरोबर संसार करतात तसा इथे करायचा नाही. खांबावरचा ब्रेकर पाडा. बाबांच्या टेस्टरने हे मात्र बरोबर सांगितलं असतं.

पायरी पाचवी: शेजारी

कॅम्पवर बॉनेट किंवा कुठलंही झाकण उघडून दोन मिनिटं उभे राहा, एक निवृत्त अमेरिकन माणूस आपोआप प्रकट होतो. हातात खुर्ची किंवा पाना असतो. त्याला बोलवावं लागत नाही, घालवताही येत नाही. आमच्या वाट्याला टेक्सासचे आजोबा आले, खिशात मल्टिमीटर, पेनाच्या शेजारी. त्यांनी आणि बाबांनी एकमेकांचे खिसे पाहिले. भाषेची गरज पडली नाही.

आजोबांनी बॅटरीला मीटर लावला: १२.७. आत फ्यूजच्या पॅनेलला लावला: शून्य. मग सावकाश, पोराला समजावतात तसं म्हणाले, की घरात पाणी नसेल आणि टाकी भरलेली असेल तर नळ फोडत नाहीत, मधली तोटी बघतात. बाबांनी मान डोलावली. हे त्यांनी स्वतः लाइनवरच्या नव्या पोरांना शेकडो वेळा सांगितलं असणार. "मधे कुणी काही बंद केलंय का?" आजोबांनी विचारलं. मी मराठीत सगळ्यांना विचारलं.

आई ओट्याशी शेंगा सोलत होती. "ते दाराजवळचं लाल बटण ना? ते मी बंद करते रोज."

"रोज?"

"बाहेर पडताना. गॅस, नळ, बटण. घरात कोणी नसताना लाइट कशाला जाळायची? तुमच्या घरात तर प्लगला बटणंच नाहीत, किती दिवस मला चुकल्यासारखं होत होतं. इथे एक तरी मिळालं."

मी बटण दाबलं. फ्रिज टक् करून जागा झाला. जनरेटरवर सगळं का चालत होतं तेही कळलं: त्या बटणाने फक्त बॅटरी तुटत होती, कन्व्हर्टर आपला बिचारा पलीकडून वाटप करतच होता. आणि आदल्या दिवशी नव्या बॅटरीने नव्हे, तर माझ्याच बोटाने घर उजळलं होतं. बाबा पायरीवर बसून राहिले. पायरीखाली एकशेतीस डॉलरची बॅटरी होती. जुनी, ठणठणीत, आता वेस्ट यलोस्टोनच्या दुकानात होती. "मला विचारलंत का कोणी?" आई म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

पायरी शून्य

काहीही उघडण्याआधी घरातल्या सगळ्या माणसांना विचारा. वयाने सर्वांत मोठ्या बाईपासून सुरुवात करा. ही पायरी पहिल्या जागी छापायला हवी होती, पण आम्हाला ती याच क्रमाने मिळाली.

बाबांनी त्या बटणावर निळी इलेक्ट्रिकल टेप लावून वर पेनाने लिहिलं: बंद करू नये. पुढचे पाच दिवस फ्रिज एकदाही थांबला नाही, आई मात्र दारातून उतरताना दरवेळी त्या टेपकडे बघायची.

डेन्व्हरला गाडी परत दिली तेव्हा मालक आत चढला, दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. माझ्या पोटात गोळा आला. त्याने दाराकडे पाहिलं. टेप अर्धी सोलून लोंबत होती. तो हसला आणि म्हणाला, इतक्या वर्षांत गाडी परत देताना डिस्कनेक्ट आठवणीने बंद करणारे तुम्ही पहिले. नाही तर दोन दिवस उभी राहून बॅटरी उतरते. मी आईला भाषांतर करून सांगितलं.

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा टेस्टर खिशात नीट बसवत होते.